रेडॉन : घराच्या बुडाखालचा वायू

"ताई, जमिनीतून कॅन्सरचा वायू निघतो असं मोबाईलवर आलं आहे. खरं आहे काय? आपल्या घराची तपासणी होते काय?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला चंद्रपूर, बल्लारपूर आणि पार हेमलकशापर्यंत विचारला गेला. विचारणाऱ्यांत बचत गटाच्या बाया होत्या, एक अंगणवाडी सेविका होती, आणि रमाई आवास योजनेतून नुकतेच घरकुल पूर्ण केलेला एक गवंडीही होता. त्याचा प्रश्न तर नेमका होता : "फरशी टाकण्याआधी काही करायला पाहिजे होतं काय?" दोन वाक्यांत उत्तर देता येण्यासारखे नाही, म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्यालाच देत आहे.

वायू खरा आहे. त्याचे नाव रेडॉन. माती, मुरूम, दगड यांत थोडे थोडे युरेनियम असतेच. ते लाखो-कोट्यवधी वर्षे हळूहळू फुटत राहते, त्यातून रेडियम होते आणि रेडियममधून रेडॉन. युरेनियम आणि रेडियम दगडातच बसून राहतात. रेडॉन मात्र वायू असल्यामुळे मातीच्या पोकळीतून, जमिनीच्या भेगेतून वर येतो. मोकळ्या अंगणात आला तर वाऱ्यावर विरून जातो. घराखाली आला तर फरशीच्या फटीतून, भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या सांध्यातून, नळाच्या पाइपाभोवतीच्या जागेतून आत शिरतो आणि हवा खेळती नसेल तर साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकलाही येत नाही. म्हणून "आमच्या घरात तर काही वास येत नाही" असे म्हणून चालत नाही.

रेडॉनचे अर्धआयुष्य ३.८ दिवसांचे असते. म्हणजे आज खोलीत कोंडलेला वायू चार दिवसांनी निम्म्याहून कमी उरतो. पण फुटताना तो पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे किरणोत्सारी कण मागे ठेवतो. हे कण हवेतल्या धुळीला आणि धुराला चिकटतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. त्यांच्यातून निघणारे अल्फा किरण इतके कमी अंतर जातात की साधा कागदही त्यांना अडवतो. अंगावर पडले तर आपली कातडी त्यांना थोपवते. श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला तसे कवच नसते, आणि वर्षानुवर्षे मार बसत राहिला तर तिथल्या पेशी बिघडतात. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जगातल्या फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात असे संघटना सांगते. देशागणिक हा आकडा बदलतो.

घरातला रेडॉन लोकांच्या डोळ्यावर आला तो एका नोकरदार माणसामुळे. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टॅन्ली वॉट्रास हा इंजिनिअर लिमरिक अणुवीज केंद्रात कामाला होता. केंद्र अजून चालूही झालेले नव्हते, तरी दारातली तपासणी यंत्रे तो गेला की वाजत. शेवटी लक्षात आले की तो किरणोत्सार केंद्रातून घरी नेत नाही, घरून केंद्रात आणतो आहे. त्याच्या घराखालच्या खडकात युरेनियम होते आणि घरातला रेडॉन एका घनमीटरला जवळपास १ लाख बेकरेल इतका निघाला.

हे बेकरेल म्हणजे काय ते समजून घ्या, कारण तपासणीचा कागद याच भाषेत येतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यातली हवा घेतली आणि तिच्यात दर सेकंदाला रेडॉनचे १०० अणू फुटत असतील तर ते १०० बेकरेल प्रति घनमीटर. मोकळ्या हवेत हा आकडा साधारण ५ ते १५ असतो. जगातल्या घरांची सरासरी ४० च्या आसपास आहे. घरात तो १०० च्या खाली ठेवावा, आणि कुठल्या देशाला ते जमत नसेल तरी ३०० च्या वर जाऊ देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. अमेरिकेत १४८ च्या वर गेले की घर दुरुस्त करायला सांगतात.

आता भीती किती बाळगायची? युरोपातल्या ९ देशांतले १३ अभ्यास एकत्र करून २००५ साली एक हिशेब मांडला गेला. कधीच धूम्रपान न केलेली १००० माणसे घेतली, तर रेडॉन नसताना ७५ वर्षांच्या वयापर्यंत त्यांतल्या साधारण ४ जणांना फुप्फुसाचा कर्करोग मारतो. घरात १०० बेकरेल असेल तर ५ जणांना, ४०० असेल तर ७ जणांना. आता सिगारेट ओढणारी १००० माणसे घ्या. रेडॉन नसतानाच १००, १०० बेकरेलला १२०, ४०० ला १६०. हे आकडे मी बैठकीत खडूने फळ्यावर लिहिते आणि मग गप्प बसते. बाया स्वतःच मागे बसलेल्या नवऱ्यांकडे वळून पाहतात. बिडीचा धूर सिगारेटहून हलका नाही. तेंदूपत्ता तोडून हातात पैसा येतो हे खरे, पण ते पान तोंडात धरून पेटवायची सक्ती कोणी केलेली नाही. (खर्रा खाणारे लगेच म्हणतात, आम्ही तर ओढत नाही. खर्ऱ्याचा कर्करोग तोंडात होतो, एवढाच फरक.)

आपल्या घरांत रेडॉन किती?

पश्चिम आणि मध्य महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट दगडावर आहे, त्यात युरेनियम कमी असते. गडचिरोलीचा पूर्व भाग तसा नाही. भामरागड, एटापल्लीकडची जमीन बस्तरच्या बाजूच्या फार जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांची आहे, आणि ग्रॅनाइटमध्ये साधारणपणे बेसाल्टपेक्षा युरेनियम जास्त असते. तेव्हा "आपल्याकडे प्रश्नच नाही" असे म्हणता येत नाही.

पण दगड ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी घराच्या बांधणीत असते. हेमलकसा म्हटले की लोकांना १९७३ साली बाबा आमटे यांनी सुरू केलेला लोक बिरादरी प्रकल्प आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना आठवतो. मला इथे आठवण करून द्यायची आहे ती आजूबाजूच्या गावांतल्या जुन्या घरांची. बांबूच्या कुडाला माती लिंपलेली, वर कवेलू, भिंत आणि छपराच्या मध्ये हातभर मोकळी जागा. अशा घरात हवा कोंडतच नाही. जमिनीतून वायू आला तरी तो कवेलूतून निघून जातो. बिहार किंवा बर्फाळ देशांतल्या घरांचे आकडे या घराला लावण्यात अर्थ नाही, आणि तळघर असलेल्या अमेरिकन घराचे तर मुळीच नाही.

सिमेंटचे घरकुल आले की चित्र बदलते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. वर स्लॅब किंवा पत्रा, एक-दोन खिडक्या, त्यातली एक कपाटामागे गेलेली आणि दुसरी डासांमुळे प्लास्टिक लावून बंद केलेली. भामरागडसारख्या हिवतापाच्या तालुक्यात खिडकी बंद करणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण हिशेब पाहा. ज्या खोलीतली हवा तासाला एकदा बदलते तिथे जमिनीतून येणाऱ्या रेडॉनमुळे समजा ३० बेकरेल होत असेल, तर तीच खोली कोंडून हवा चार तासांत एकदाच बदलू लागली की तो आकडा १२० च्या जवळ जातो. जमीन तीच, माणसे तीच. म्हणून खिडकीवर प्लास्टिक नको, बारीक तारेची जाळी बसवा. सरकारकडून मिळालेली औषधी मच्छरदाणी मासे धरायला न वापरता खाटेवर बांधा, म्हणजे खिडकी रात्रीही उघडी ठेवता येईल.

त्या गवंड्याच्या प्रश्नाचे उत्तर असे : हो, फरशीआधी काम करणे स्वस्त पडते. मुरमाची भरणी नीट दाबून झाल्यावर तिच्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, दोन पट्टे एकमेकांवर फूटभर चढवावेत, कडेला भिंतीपर्यंत न्यावा आणि मग काँक्रीट ओतावे. खालची ओलही अडते. घर आधीच झाले असेल तर फरशीच्या भेगा, भिंतीचा खालचा सांधा आणि पाइपाभोवतीची जागा सिमेंटने भरून घ्यावी. एवढ्याने रेडॉन पूर्ण थांबत नाही, पण भेगा बुजवून वर हवा खेळती ठेवली तर सामान्य घराला पुरते. फार जास्त आकडा आलेल्या घरात फरशीखालून पाइप टाकून पंख्याने खालची हवा छपराच्या वर सोडतात.

चंद्रपूरच्या बाजूला आणखी एक प्रश्न हमखास येतो : राखेच्या विटा. चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि तिथली राख विटांत, सिमेंटात, रस्त्यात जाते. कोळसा जळून गेला की त्यातले रेडियम राखेत उरते, त्यामुळे राखेत ते कोळशापेक्षा काही पट दाट असते. हे खरे. पण भट्टीच्या उष्णतेने राखेचे कण काचेसारखे होतात आणि रेडॉन त्यांच्यात बराचसा अडकून राहतो. म्हणून केवळ राखेची वीट आहे एवढ्यावरून घर सोडण्याचे किंवा विटा परत करण्याचे कारण नाही, भिंतीला गिलावा करून घ्या. उडणारी राख फुप्फुसात जाते तो त्रास वेगळा आणि जास्त खरा आहे. राखेच्या तळ्याजवळ राहणाऱ्या वस्त्यांनी त्यासाठी भांडले पाहिजे.

तपासणी कशी होते

हे मी सविस्तर सांगते, कारण इथेच फसवणूक होते. मोबाईलच्या कुठल्याही ॲपने रेडॉन मोजता येत नाही. कोणी यंत्र घेऊन दारात आला, दहा मिनिटांत आकडा दाखवला आणि रंग किंवा पावडर विकू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आपल्या देशात घरांची मोजणी बहुतेक करून छोट्या डबीने होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा डब्या विकसित केल्या आहेत आणि विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग त्या वापरतात. डबीत एलआर-११५ नावाची लालसर फिल्म असते. तिला वीज लागत नाही, आवाज नाही, प्रकाश नाही. ती तीन महिने घरात टांगून ठेवायची. अल्फा कण फिल्मवर आपटला की डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उमटतो. मुदत संपली की प्रयोगशाळेत ती फिल्म गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दीड तास ठेवतात, ओरखड्यांची भोके होतात, ती मोजतात आणि हिशेबाने बेकरेलचा आकडा काढतात.

तीन महिने कशाला? रेडॉन दिवसभर सारखा नसतो. पहाटे दारे बंद असताना जास्त, दुपारी कमी. हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात अंगणात झोपायच्या दिवसांत कमी. एका दिवसाचा आकडा म्हणजे एका दिवसाची गोष्ट. वर्षाचे चारही तिमाही मोजले तर सर्वांत बरे. कोळशाच्या पुडीची दोन ते सात दिवसांची चाचणीही असते, पण तिच्यासाठी आधीचे बारा तास आणि चाचणीचा सगळा वेळ दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, फक्त येण्याजाण्यापुरते दार उघडायचे. आपल्या बस्तीतल्या घराला हे जमेल काय, ते तुम्हीच सांगा.

डबी कुठे टांगायची याचे नियम साधे आहेत. ज्या खोलीत जास्त वेळ जातो, म्हणजे बहुतेकदा झोपायच्या खोलीत. जमिनीपासून अर्ध्या मीटरहून वर, श्वास घेतो त्या उंचीच्या जवळपास. बाहेरच्या भिंतीला चिकटून नाही, खिडकीच्या वाऱ्यात नाही, पंख्याखाली नाही, चुलीजवळ नाही, मोरीत नाही. लेकरांचा हात पोहोचणार नाही अशी. तीन महिने जागा बदलायची नाही आणि रोजचे वागणेही बदलायचे नाही. डबी लावली म्हणून मुद्दाम खिडक्या उघडल्या तर आकडा खोटा येतो.

एकेका घराने यासाठी धावपळ करू नये असे माझे मत आहे. बस्तीने मिळून जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला पत्र द्यावे आणि आपली दहा-बारा घरे अभ्यासाला द्यावीत : काही कुडाची, काही घरकुले, काही राखेच्या विटांची. विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतो, आपल्याला आकडे. पत्रात एक अट आधीच लिहावी की घरागणिक निकाल घरमालकाला मराठीत मिळाला पाहिजे. आपल्या वस्त्यांतून माहिती नेणारे पुष्कळ येतात, परत आणून देणारे कमी.

बोअरच्या पाण्यातही रेडॉन विरघळलेला असतो. पाणी उघड्यावर हलवले, उकळले की तो उडून जातो. त्याची मला फार काळजी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडची जास्त आहे, कारण ते उकळून जात नाही, उलट पाणी आटले की दाट होते. दात पिवळे-तपकिरी होणे, पुढे हाडे ताठरणे हे त्याचे काम. पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवायचे ठरले आहे. त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा.

ज्याची वाट पाहू नये

रेडॉनचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. वास नसलेला दुसरा एक वायू एका रात्रीत घर संपवतो. कोळशाच्या पट्ट्यात, घुग्गुस, बल्लारपूर, राजुऱ्याकडे थंडीत सिगडी पेटवून आत घेतात. धूर संपला, निखारे लाल झाले की लोकांना वाटते आता धोका नाही. खरे तर तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. घरातल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखणे, गरगरणे, उलटी, पायात बळ न राहणे ही त्याची खूण. जेवणातून विषबाधा झाली असे वाटते आणि लोक दार लावून पडून राहतात. लगेच सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर काढा, १०८ ला फोन करा, "सिगडी होती" हे आवर्जून सांगा. एक गोष्ट आशाताईंनी लक्षात ठेवावी : बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या वायूच्या विषबाधेत ९८ दाखवू शकतो, कारण त्याला ऑक्सिजन धरलेले रक्त आणि मोनॉक्साइड धरलेले रक्त यांतला फरक कळत नाही. आकड्यावर विसंबून रुग्णाला घरी ठेवू नका.

तिसरा चुलीचा धूर, तो तर दिसतो. घरातल्या इंधनाच्या धुराने २०२० साली जगात ३२ लाख माणसे गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. याच धुरामुळे लहान लेकरांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्या माणसांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि बालमृत्यू कमी करून दाखवले, तो अभ्यास १९९० साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. ओळखायची रीत प्रत्येक आईला यावी. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची वर-खाली मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, किंवा छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. सिलिंडर आहे पण भरायला पैसे नाहीत अशी घरे पुष्कळ. त्यांनी निदान चूल पडवीत किंवा सांदवाडीत न्यावी, जळतन वाळवून घ्यावे, आणि चूल पेटलेली असताना तान्हे बाळ कडेवर घेऊन फुंकू नये. रेडॉनचे कण धुरालाच चिकटतात हे वर सांगितलेच आहे.

आणि खोकला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ते फुकट होते. आपल्याकडे लांबलेला खोकला म्हटले की क्षयरोग आठवतो आणि बहुतेकदा तोच असतो. पण बेडक्यात जंतू न सापडता, नुसत्या एक्स-रेवरून क्षयरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील आणि दोन महिने गोळ्या नियमित घेऊनही वजन उतरतच असेल, बेडक्यात रक्त येत असेल, आवाज बसला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : "हा कर्करोग असू शकतो काय? छातीचा सीटी स्कॅन करायचा काय?" बिडी न ओढणाऱ्या, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईसाठीही हा प्रश्न विचारा, कारण तिच्या बाबतीत तो कोणाच्या मनात येत नाही. जिल्हा रुग्णालयातून नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी मागता येते. हेमलकशाहून नागपूर गाठायला दिवस जातो, म्हणून निघण्याआधी रेशन कार्ड, आधार, जुने सगळे एक्स-रे आणि गोळ्यांचे कार्ड एका पिशवीत घाला, आणि सोबत वाचता येणारे एक माणूस न्या.